दुसऱ्या दिवसाचा रकाना

मुख्याध्यापक भगवंतराव आमच्या बडनेऱ्याच्या घरी आले ते तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि हातात तपासणीचा फॉर्म घेऊन. माझी नात प्रतीक्षा नववीत. वर्षभर ती जवळजवळ अंथरुणातच होती. घरून पेपर लिहायची परवानगी मिळाली तर तिचं वर्ष वाचणार होतं, आणि ती परवानगी सरांच्या सहीवर अडली होती.

अकोल्याच्या डॉक्टर गजाला यांनी दोन पानं लिहून दिली होती. हा दीर्घ थकव्याचा आजार आहे. नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येतात. पण अशा मुलांच्या रक्तात पांढऱ्या पेशी लवकर मरताना संशोधकांना दिसल्या आहेत. श्रम झाले की तब्येत कोसळते, तीही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी.

सरांनी ती पानं वाचली नाहीत. बोलताना त्यांच्या तोंडातून सुपारीचा तुकडा त्यांवर पडला. तो त्यांनी उचलला आणि परत तोंडात ठेवला.

“आबा, पेशी-बिशी आमच्या कामाच्या नाईत. पोट्टी कुठं हाये? ए पोरी, गच्चीवर जाऊन ये. तीनदा.”

माझी सून गीतांजली मध्ये पडली. “सर, आज चढंल ते. उद्या उठनं होनार नाई तिच्यानं.”

“उद्याचं उद्या पाहू ना, बाई.”

प्रतीक्षा तीनदा चढली-उतरली. पहिला नंबर काढणारी मुलगी. नापास कसं व्हायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. सरांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या गुलाबाच्या कुंडीत थुंकले आणि फॉर्मवर लिहिलं, ‘ठणठणीत’.

दुसऱ्या दिवशी तिला कंगवा उचलेना. उजेड सोसेना म्हणून खिडकीला चादर लावली. मानेत गाठी आल्या होत्या. गीतांजली चमच्याने पेज पाजत होती आणि अर्धी गालावरून ओघळत होती.

मी सरांना फोन केला.

“पाहून गेलो ना जी काल. फॉर्मवर तारखेचा रकाना एकच हाये.”

“बरं, सर. आज रोडगे आहेत. वांग्याची भाजी, वर तर्री. फॉर्म घेऊन या.”

सर वीस मिनिटांत आले. कणकेचे दोन जाडजूड रोडगे संपवून, तर्रीच्या लाल तेलाने माखलेल्या हातानेच खोलीत शिरले आणि त्याच हाताने त्यांनी पोरीचं मनगट वर उचललं. सोडलं. हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

“काल तं मस्त चढली! आज काहून नाटक करून राह्यली?”

तिने डोळे उघडले नाहीत. “सर, आज म्हना ना गच्चीवर जायले.”

 सरांनी ढेकर दिला.

मी पट्टी घेऊन फॉर्मवर दुसरा रकाना आखला. वर लिहिलं, ‘दुसरा दिवस’.

“असं चालत नाई, आबा.”

“तिसरा रोडगा निखाऱ्यावर आहे, सर. तूपही आहे. सही झाली की वाढतो.”

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. ‘उठू शकत नाही. घरून पेपर द्यावा,’ असं लिहून सही केली, बोटं आमच्या पडद्याला पुसली आणि पाटावर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी प्रतीक्षाला उशीला टेकून बसता आलं. फॉर्म शाळेत द्यायच्या आधी मी त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद तिच्या हातात दिला. सरांच्या सहीशेजारी अंगठ्याएवढा तेलकट डाग होता. तिने सगळं वाचलं, मग कागद नाकापासून लांब धरला.

“आबा, मले झेरॉक्सच द्या.”