अडतिसावी पात

शनिवारी दुपारी दोन वाजता तहरीमच्या तक्त्यातली शेवटची ओळ हिरवी झाली आणि ती खुर्चीवर उभी राहून नाचली. खुर्ची चाकांची होती, त्यामुळे नाच थोडक्यात आटोपला.

"अब्बा, अडतीस! अडतीसच्या अडतीस!"

खाली राजापेठेच्या रस्त्याकडे तोंड करून असलेल्या दुकानात बशीरभाईंचं शिलाई मशीन थांबलं. "अडतीस क्या बेटा? छाती या कमर?"

"पॅकेज, अब्बा!"

"अच्छा अच्छा," म्हणत मशीन पुन्हा सुरू झालं.

वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. पण अमरावती-अकोल्यातल्या वीसेक हौशी जणांनी ते नाव एका फुकट संगणक-संचाला दिलं होतं. शाळांमधल्या जुनाट, धापा टाकणाऱ्या कंप्युटरांवरही तो चालायचा. त्यातले अडतीस प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेले, आणि त्या भाषेची जुनी आवृत्ती आता निरोप घ्यायला निघालेली. म्हणून प्रत्येक प्रोग्राम नव्या आवृत्तीत बसवायचा, तपासायचा, नव्यानं पॅक करायचा. पगार कुणालाच नाही. ज्याला जे पेलेल ते त्यानं उचलावं, तक्त्यात आपलं नाव घालावं, संपलं की 'झालं' लिहावं. एकाच्या नावावरच्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा अलिखित कायदा. रविवारी संध्याकाळी पाचला यादी बंद. जे राहिलं ते नव्या पऱ्हाटीतून बाद.

हा तक्ता सांभाळायचं आणि 'झालं' आलं की ओळ हिरवी करायचं काम होतं अकरावीतल्या तहरीमकडे. दहावीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटायचा नाही, तीच तहरीम आता इंजिनिअरिंगच्या पोरांना फोन लावून विचारायची, "काहून भाऊ, तुमचं उद्या कोणत्या महिन्यात येते?" आणि पोरं मुकाट्यानं कामाला लागायची! आपल्या गळ्यात एवढा आवाज होता, हे तिलाच नवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याची अपेक्षा. अपेक्षा जन्मापासून आंधळी, तीही अकरावीत. दिवाळीत एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि पहिल्या तासातच भांडण झालं. मैत्री तिथूनच सुरू.

"तहरीम, तुहा तक्ता मी फोनवर आता पुरा ऐकला. सदतीस वेळा 'झालं' आन् एकदा 'करतो'."

"कसं शक्य आहे? सगळं हिरवं आहे इथं."

"मले हिरवं ऐकू येत नाही वं, बाई."

तहरीमनं पडद्यावर बोट फिरवलं. सतरावी ओळ. बोलकी पाटी. विपुल. आणि पुढे खरंच 'करतो'. हिरवा रंग तिनंच भरला होता, पहिल्याच आठवड्यात. कारण विपुलदादा. ही सगळी पऱ्हाटी त्यानंच उभी केली, तहरीमला पायथनची बाराखडी त्यानंच शिकवली. त्याचं 'करतो' म्हणजे इतरांचं 'झालं', असा तिचा हिशोब. बाकीच्यांनी रंग पाहिला आणि निर्धास्त झाले.

"विपुलदादाचं आहे ते. होऊनच गेलं समज."

"समज? मंग बुधवारचा पेपर मी समजूनच लिहू का?"

पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवायचं ते बोलक्या पाटीचं काम. अपेक्षा तिच्यावरच पेपर लिहायची. सोमवारी तिच्या शाळेतले पंधराही कंप्युटर नव्या आवृत्तीवर जाणार होते. बोलकी पाटी नसली तर पुन्हा लेखनिक. गेल्या वर्षीच्या लेखनिकेला 'प्रकाशसंश्लेषण' सांगितलं की ती म्हणायची, "ताई, दुसरं सोपं काही सांगा ना."

"मंग विचार ना त्याले," अपेक्षा म्हणाली.

"मी? विपुलदादाला?"

"त्या इंजिनिअरिंगवाल्यांले तं वाघिणीवानी खातं."

"ते वेगळं. दादाला कसं विचारू, की तुझं काम राहिलं म्हणून? आणि दुसऱ्याच्या नावावरचं काम हिसकायचं, तेही त्याचं?"

पलीकडे खुसखुस झाली. अपेक्षा शनिवार-रविवारच्या सुट्टीला गावी आली होती आणि आईच्या भाकरीच्या वेळेला वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती. आईनं, कौशल्याबाईंनी, फोनच काढून घेतला.

"पोरी, मी ऐकून राहिली मघापासून. तू कधी वावरात तण निंदाले गेली का?"

"नाही काकू."

"मंग ऐक. निंदणाले आमी दहा बाया एका ओळीनं बसतो. जिच्या तिच्या वाट्याचा पट्टा, ती तिची पात. दुसरीच्या पातीत कोणी घुसत नाही, तिले वाटते माह्या कामाले नाव ठेवलं. पण एखादीची पात मांगं राहिली तं आमी काय करतो?"

"काय?"

"आपली पात संपली का धुऱ्यावरून उलटं फिरतो. तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाले बसतो आन् निंदत निंदत तिच्याकडे येतो. काही बोलत नाही, विचारत नाही. मधात भेटलो का तिची पात सरली. तिचंच नाव, तिचीच पात. इज्जत कोणाची गेली?"

तहरीमनं विपुलदादाला एकच ओळ पाठवली. "दादा, मी तुमच्या पातीच्या दुसऱ्या टोकावरून निघाली आहे." पाठवली आणि फोन उशीखाली दडवला.

बोलक्या पाटीच्या अकरा फायली. तिनं अकरावी उघडली. मग दहावी. जुनी आवृत्ती मोठी भोळी, अक्षरं आणि अक्षरांमागचे आकडे एकाच पोत्यात कोंबलेले तिला चालायचे. नवीला दोन वेगळी पोती हवीत. तहरीम बसून निवडत राहिली. नववी सरली तेव्हा उशी थरथरली.

"तहरीम." धामणगाव रेल्वेहून विपुल बोलत होता. त्याच्या कृषी केंद्राच्या दुकानात मागे बोंडअळीच्या सापळ्यांवरून गलका चालला होता. गेल्या सालच्या अळीनं माणसं धास्तावलेली. "तू कुठपर्यंत आली?"

"शेवटून नववीपर्यंत झाली. रागावलात का?"

विपुल इतका मोठ्यानं हसला की मागचा गलकासुद्धा थांबला. "रागावू कायले? तीन आठवडे झाले, पाचव्या फायलीत फसून बसलो. तुम्हा सगळ्यांले मीच सांगितलं होतं ना, का हे तं हातचा मळ आहे म्हणून! आता कोणत्या तोंडानं सांगू का मलेच जमून नाही राहिलं?"

"आणि मी तुमची ओळ हिरवी करून टाकली."

"मी पाहिली. म्हटलं, आता तं मेलोच."

दोघंही हसत सुटली. मग तहरीमनं आठवी उघडली आणि ओरडलीच. "दादा! पाचवीत तुम्ही जे पोतं उघडता, ते इथं आठवीत पुन्हा उघडतात. उघडलेलंच पोतं!"

"आँ?" बराच वेळ नुसतं टकटक ऐकू आलं. "अबे, हे तं पुढून कधी दिसलंच नसतं."

रविवारी दुपारी तीनला अपेक्षा अकोल्याला परतली, वसतिगृहाच्या गोदाबाईंना गळ घालून तिनं संगणक खोलीची किल्ली मिळवली आणि नवं पॅकेज चढवलं. तहरीम फोन कानाला लावून उभी, विपुलही त्याच फोनवर जोडलेला. बसणं शक्यच नव्हतं. स्पीकरमधून खर्रर्र आवाज आला.

"हे बोलून नाही राहिलं," अपेक्षा म्हणाली, "खोकलून राहिलं."

"सहावी, दादा, सहावी राहिली!"

"तिथंच आहो. तू सातवीतून ये."

साडेचार. सहाव्या फाईलच्या मधोमध, एकाच ओळीवर, दोघांच्या दुरुस्त्या येऊन टेकल्या. तहरीमनं पॅकेज पुन्हा बांधलं. चार एकोणचाळीसला ते अकोल्याला उतरलं. तहरीमनं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

आणि फोनमधून तो ओळखीचा, सपाट, सर्दी झाल्यासारखा आवाज आला: "प्रकाशसंश्लेषण."

"अचूक!" अपेक्षा किंचाळली. "एका दमात! सोपं काही मागितलं नाही त्यानं!"

तहरीम मटकन खाली बसली, तीही जमिनीवर, आणि विनाकारण रडू लागली, मग विनाकारण हसू लागली. खालून अब्बांनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" "कुछ नहीं अब्बा, सब हो गया!" ती म्हणाली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना विपुलनं स्वतःच्या नावापुढे, स्वतःच्या हातानं, 'झालं' लिहिलं. तहरीमनं तक्त्यातला सगळा हिरवा रंग पुसून टाकला. उरले नुसते शब्द.

"आता ऐक," ती अपेक्षाला म्हणाली.

अपेक्षानं बोलक्या पाटीला तोच तक्ता वाचायला लावला. झालं. झालं. झालं. अडतीस वेळा, एकही ओळ न गाळता. मध्येच कंटाळून फोन ठेवावा असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

"आई विचारून राहिली होती," शेवटी अपेक्षा म्हणाली, "तुहा हात एवढा चालते तं निंदाले कधी येतं?"

"येतो म्हणावं."

"येतो नको सांगू. आली का मंग 'आली' म्हण."