निकामी बाटली

दादाच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी उरल्या नाहीत, असा रिपोर्ट आमच्याच लॅबने दिला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. त्या पेशींच्या पृष्ठभागावर एक एन्झाइम असतं. त्याला चिकटून चमकणारी अँटिबॉडी आम्ही वापरतो.

आज मॅडम म्हणाल्या, "अँटिबॉडीची ती बाटली निकामी निघाली गं. राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासायचेत. तुझ्या भावाचा मी करते."

"नको, मीच करते."

नव्या बाटलीतल्या अँटिबॉडीने पडद्यावर कॅन्सरच्या पेशींच्या ठिपक्यांचा दाट पुंजका उमटला. मी हातमोजे काढले. रडू येईल म्हणून थांबले, पण आलं नाही. मग वहिनीला फोन लावला.

"बोला वन्सं, जेवलात का?"

"हो," मी म्हणाले आणि मग सगळं सांगितलं.