खुशालरावचं गाळलेलं कडवं

गाण्याच्या बाबतीत शालिकराम तेलगोटेशी वाद घालायची अकोल्यात कुणाची टाप नव्हती. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवले, पण गड्याचा जीव सगळा भीमगीतांत. कुठं जुन्या गायन पार्टीचं गाणं लागलं की हा हातातला चहा खाली ठेवून विचारणार, "लिवलं कोनं, सांग!" समोरच्यानं गायकाचं नाव घेतलं की संपलंच. "गानाऱ्याचं नाही रे बाप्पा, लिवनाऱ्याचं इचारून राहिलो. ज्याच्या पोटातून निंगालं, त्याचं नाव घ्याले तुमची जीभ झडते का?"

आणि लिहिणाऱ्यांत त्याचं एकच माणूस, खुशालराव तायडे. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा आणि दुपारच्या सुट्टीत मिळेल त्या कागदावर गाणं उतरवायचा. त्याचं पाटीचं गाणं तर उभ्या वऱ्हाडात गाजलं. अडाणी माय लेकराची पाटी पदराखाली झाकून पावसाचा नाला ओलांडते. स्वतः चिंब होते, पण पाटीवरचं एक अक्षर भिजू देत नाही. एवढंच गाणं. पण शालिकराम दर वेळी भर मांडवात रडायचा, लाजबीज काही नाही.

हा खुशालराव मागच्या महिन्यात अमरावतीला, राजापेठेत लेकीच्या घरी वारला. आठ दिवसांनी त्या लेकीचा, प्रणालीचा, फोन आला.

"काका, रविवारी बाबाचं पुण्यानुमोदन हाय. पार्टीवाले पाटीचं गानं म्हननार हायेत. पन मोबाइलवर पाहा, जिथं तिथं 'पारंपरिक' लिवलं हाय. बाबाच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. शेवटचं कडवं कोनाकडेच नाही. तुमच्यापाशी जयंतीची मूळ कॅसेट हाय ना?"

या गाण्यांत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. तीच त्याची सही, दुसरा कागद नाही की पुरावा नाही. आणि त्या कडव्याचं काय झालं, हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक, असं शालिकराम समजून होता.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जयंतीला तो टेपरेकॉर्डर घेऊन स्टेजसमोर बसला होता. कॅसेट एकच, फीत संपत आलेली आणि पुढं अजून एक गाणं यायचं होतं. तीन कडवी झाली तेव्हा त्याच्या मनात आलं, गाणं तर झालं, आता नावाचंच कडवं राहिलं, त्यात काय ऐकायचं? आणि यानं खटकन बटण दाबलं. अरे, अक्कल कुठं चरायला गेली होती! पुढं त्याच कॅसेटच्या कॉप्या गावोगाव गेल्या. नवे गायक त्यावरूनच गाणं शिकले. एकदा खुशालरावनं विचारलं होतं, "शालिक, पुरं गानं हाय ना तुह्यापाशी?" हा म्हणाला, "हाय ना दादा, पुरं हाय." पुन्हा खुशालरावनं कधी विचारलं नाही.

रविवारी तो अमरावतीला पोचला आणि प्रणालीला बाजूला घेऊन सांगून टाकलं, कॅसेटमध्ये ते कडवं नाही. पोरगी एकदम रडकुंडीला आली. "मंग आठवा ना काका! तुमी तर समोर बसले होते."

शालिकरामनं डोळे मिटले. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. पुढं काहीच नाही. इतकी वर्षं त्यानंही तेच कापलेलं गाणं ऐकलं होतं. एक शब्द, एक अक्षर आठवेना. बाकी हजार गाणी तोंडपाठ असलेल्या माणसाला हेच आठवू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्रिसरण-पंचशील झालं, मग पार्टीनं पाटीचं गाणं म्हटलं. तीन कडवी झाली आणि पेटी थांबली. शालिकराम उठला, गायकाच्या हातातून माइक घेतला.

"हे गानं पारंपरिक नाही. खुशालराव तायडेचं हाय. त्याचं नाव म्या कापलं, या हातानं. फीत वाचवाले."

पुढच्या रांगेत खुशालरावची बायको, पार्बताबाई, बसली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आता काहून सांगून राहिला, शालिक? ते जित्ते होते तवा तोंडाले कुलूप होतं का?"

"लाज वाटे, वहिनी."

"त्याईले मालूम होतं. पानठेल्यावर तुहीच कॅसेट वाजे ना, आयकली होती त्याईनं. मी म्हटलं, जाब इचारा त्याले. तं म्हने, नको. शालिक माह्या गान्यावर खरं रडते, असा आयकनारा मले दुसरा नाही. त्याले समजलं तं तो गानंच आयकनं सोडून देईन."

शालिकराम खाली बसला. त्याला रडू आलं नाही. प्रणालीनं त्याच्या हातातून माइक काढून पार्टीला दिला आणि पेटी सुरू झाली. पुढचं गाणंही खुशालरावचंच होतं, चारही कडवी शाबूत, नावासकट. ते सुरू झालं तसा शालिकराम उठला, चपला शोधल्या आणि कुणाला न सांगता अकोल्याची गाडी धरायला निघाला.