बळदातली निम्मी गोष्ट

लेकीच्या, पद्मजाच्या, लग्नाच्या चुड्याच्या दिवशी नानांनी ती गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, तेव्हा माजघरातून बायकोनं, सरलाबाईंनी, एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं नानांना कळलं. पण ओसरीवर नवे व्याही बसले होते आणि गोष्ट तोंडाशी आली होती.

नाना गावचे जोशी. पुसेगावच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात पंचांग सांगावं, चातुर्मासात पोथी वाचावी, एरवी मान खाली घालून बसावं, असा त्यांचा जन्म गेला. त्यांच्याबद्दल चार लोकांत बोलावं असं कधी काही घडलंच नव्हतं. मग भादव्यात निजामाचं राज्य गेलं. पाठोपाठ बाहेरगावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांची घरं शोधत आली. तेव्हा नानांनी शेजारच्या, बांगड्या विकणाऱ्या गुलाम नबी मनियाराला, त्याची बायको रहिमाबी हिला आणि त्यांच्या लेकरांना आपल्या घरातल्या धान्याच्या बळदात लपवलं आणि दारात उभं राहून "आत कुणी नाही" म्हणून सांगितलं.

तेव्हापासून आला-गेला विचारी. आधी नाना लाजत लाजत सांगत. पुढं कुणी विचारायची वाटही पाहीनासे झाले.

"एवढंसं बळद," नाना हातानं माप दाखवत होते. "त्यात सगळे कोंबलेले. वरून मी ज्वारीची पोती रचली. खोटं वाटत असेल तर हिलाच विचारा. रहिमाबी, सांग की!"

रहिमाबी माजघरात पद्मजाचा हात हातात घेऊन बसली होती. गावातल्या एकूणएक बाईचा हात तिनं धरलेला. "हात ढिला सोड, माय," असं म्हणत, सासरच्या चौकश्या करत ती बांगडी अशी चढवी की बाईला कळायचंसुद्धा नाही.

"व्हय," मान वर न करता ती म्हणाली. "नाना हुते म्हणून आमी हाव."

"बघा!" नाना म्हणाले.

तेवढ्यात काच पिचली. पद्मजाच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. लग्नाच्या चुड्यात काच फुटणं म्हणजे अपशकुन.

"वाढली गं, वाढली," 'फुटली' हा शब्द टाळत सरलाबाई घाईनं म्हणाल्या.

विहीणबाई हसल्या. "जीव वाचवलेल्या घरी तरी जपून काम करावं की हो, मनियारीणबाई!"

सगळ्या हसल्या. रहिमाबीनं पदरानं तो थेंब टिपला आणि दुसरी बांगडी घेतली. एक हात भरून झाला. भरणारणीला वाकून नमस्कार करायची चाल आहे, तशी पद्मजा वाकली. रहिमाबीनं पटकन पाय मागं ओढले.

"न्हाई माय. आता आमीच वाकायचं तुमाला."

ते ऐकून पुन्हा कुणीतरी कौतुकानं हसलं. नाना मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं उठून अंगणात गेले.

लिंबाखाली गुलाम नबी बांगड्यांच्या माळा निवडत बसला होता.

"गुलामभाई, रहिमाबीचं काही दुखतंय का? हात कापतोय तिचा."

"ह्याच घरात कापतो, नाना." त्यानं माळ खाली ठेवली. "दुसरीकडं बराबर असतो. म्हणून तर लगीन झालं की आमी हिंगोलीला ऱ्हायला चाललो. साडूकडं."

"काहून? आता कसली भीती?"

"भीती न्हाई. तुमी आमाला ठिवलं, ते मरस्तोर इसरायचे न्हाई. पर रोज कुनी ना कुनी येतं, अन् तिला उभं ऱ्हाऊन सांगावं लागतं. मनियारणीचा हात कापाया लागला तर कोन भरून घील?"

तो साधेपणानं बोलत होता, जसा काचेचा भाव सांगावा. नानांना वर पाहवेना. कारण गुलाम नबी जे बोलत नव्हता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या भादव्याच्या आधी, त्याच वर्षीच्या वैशाखात, निजामाचे रझाकार आले होते ते नानांना शोधत. गावात कुणाचाच पाय ठरत नव्हता. गुलाम नबीनं नानांच्या उंबऱ्यावर आपल्या बांगड्या पसरल्या आणि आडवा बसला. "अंदर औरतां चूड्यां पैन रईं. मर्दां का क्या काम अंदर?" आत रहिमाबी सरलाबाईंचा थरथरता हात धरून खरंच बांगड्या भरत होती, हात ढिला सोड म्हणत होती. ती माणसं शिव्या देत परतली. आणि नाना होते बळदात, त्याच बळदात, पोत्यांच्या मागे, तोंडात उपरणं कोंबून.

त्यानंतर गुलाम नबीनं त्या दिवसाचा शब्द काढला नव्हता. सरलाबाईंना एकदा तो म्हणाला होता, "तवा नाना बळदात हुते, आमी उंबऱ्यावर हुतो. त्यात काय?"

नाना ओसरीवर परत आले. बसले नाहीत.

"मी निम्मीच गोष्ट सांगितली," ते म्हणाले. आणि उरलेली निम्मी त्यांनी सांगितली: उंबरा, बांगड्या, तोंडात कोंबलेलं उपरणं. "आधी मला वाचवलं ह्यांनी. मी तेवढं फेडायचं केलं, तेही धड केलं नाही. बोलून बोलून नासवलं."

मग व्याही म्हणाले, "स्वतःचं उणं असं चारचौघांत सांगायचं म्हणजे मोठंच मन हो तुमचं!"

आणि नानांना आत कुठंतरी गोड वाटलं. ते गोड वाटलेलं त्यांचं त्यांनाच कळलं, आणि भर दुपारी अंगावर काटा आला.

माजघरातून रहिमाबीचा आवाज आला. "नाना, झालं का तुमचं? पोरीचा दुसरा हात ऱ्हायलाय. तुमच्या बोलन्यानं आवघडून बसली हाय ती." मग पद्मजाला, "ढिला सोड, माय."

काच कुठं वाजली नाही. हात भरून झाल्यावर पद्मजा पुन्हा वाकली. रहिमाबी क्षणभर थांबली. पाय तिनं मागं घेतले नाहीत.

जाताना नाना तिची बांगड्यांची पेटी उचलून फाटकापर्यंत आले. हिंगोलीला जाऊ नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण त्यांनी म्हटलं असतं तर ती राहिली असती. त्यांना नाही म्हणणं तिला आता जमण्यासारखं नव्हतं. ती सोयच त्यांनी उपकाराची गोष्ट सांगून सांगून तिच्याकडून काढून घेतली होती.

त्यांनी पेटी गुलाम नबीच्या हातात दिली आणि काही न विचारता फाटक उघडून धरलं.