कूलरच्या फटीत कोंबलेला गोष्टींचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर खडूने लिहायला जाल तर खबरदार. माझ्या अंगावर लोकरीचे करडे ब्लँकेट ताणून बसवले आहे. त्यावर चित्रे चिकटतात आणि त्या चित्रांमधून लहान मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगता येतात. बत्तीस वर्षे मी हे काम केले. आज मला कूलरशेजारच्या फटीत कोंबले आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून करू नका.

मला विमलने बनवले. ती तेव्हा अमरावतीला नर्सिंग शिकत होती आणि अकोल्याला घरी तिचा धाकटा भाऊ चंदन चार वर्षांचा होता. तो एका जागी बसेल तर शपथ. त्याला येशूच्या गोष्टी सांगायच्या म्हणून तिने वसतिगृहातले आपले ब्लँकेट प्लायवुडवर ठोकले. जुन्या कॅलेंडरांतून माणसे, जनावरे कापली आणि प्रत्येकाच्या पाठीला काचपेपरचा तुकडा डकवला, म्हणजे चित्र लोकरीला धरून राहते. दावीदाने गोट्याने पाडलेला धिप्पाड गल्याथ आमच्याकडे सरकीच्या जाहिरातीतला पहिलवान होता. महापुरातून जनावरे वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, वाघाशेजारी वरूडच्या संत्र्यांची पेटीही होती, कारण नोहा खाईल काय ही चंदनला काळजी.

हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून हरवलेले एक शोधत जातो. म्हणजे मेंढरे शंभर, पण विमलने कापली सातच.

"बाकीचे कुठी हायेत?" चंदन विचारायचा.

"रानात चरून राहिले," विमल सांगायची. मग ती एक मेंढरू घरात लपवायची आणि गोष्ट थांबवायची. ते सापडेपर्यंत पुढचे अक्षरही सांगत नसे. चंदन पलंगाखाली, पिठाच्या डब्यामागे, चपलांच्या ढिगात शोधायचा. एकदा तर तो त्यापायी जेवलाही नाही. सापडले की छातीशी धरून आणायचा आणि आपल्या हाताने माझ्यावर लावायचा. हे सगळे मी पाहिले आहे, म्हणून पुढचे सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता चंदनला पाच वर्षांची मुलगी आहे, अपेक्षा. विमल त्यांच्याच घरी राहते आणि ड्युटीवरून आली की भाचीला माझ्यावर गोष्टी सांगायची. या मे महिन्यात चर्चमध्ये मुलांची स्पर्धा ठरली आणि चंदनच्या डोक्यात पहिले बक्षीस शिरले. त्याने शंभर प्रश्न कागदावर उतरवले. तारू किती हात लांब? दावीदाने गोटे किती उचलले? पोरगी जेवायला बसली की प्रश्न, वेणी घालायला बसली की प्रश्न. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी रिकामाच होतो, त्यात खिडकीत कूलर बसवला तर बाजूला फट राहिली. तिथून गरम हवा येते म्हणून या गृहस्थाने मला तिथे ठोसले. माझी लोकर पंधरा दिवस ओली आहे.

"पोरीले गोष्ट सांगून राहिला का पेपर घेऊन राहिला तू?" विमलने विचारले.

"ताई, स्पर्धेत गोष्ट कोनी नाई इचारत. उत्तर इचारते," चंदन म्हणाला.

अपेक्षाला पहिले बक्षीस मिळाले. त्या रविवारी दुपारी विमलने मला ओढून काढले, पुसले, सहा मेंढरे लावली आणि सातवे कपाटाखाली सरकवले.

"अपेक्षा, एक मेंढरू हरवलं वं. चाल, पाहू."

मुलगी खुर्चीवरून हलली नाही. हाताची घडी घालून म्हणाली, "मेंढरं शंभर. हरवलं एक. राहिले नव्यान्नव. आता दुसरा प्रश्न इचार, आत्या."

"अन् हरवलेलं कुठी हाय?"

अपेक्षाने बराच विचार केला. "ते कागदावर नोयतं," ती म्हणाली.

चंदन कौतुकाने हसला. मला त्याच्या हसण्याची चीड आली. याच घरात त्या मेंढरासाठी उपाशी राहिलेला पोरगा हाच होता ना? उकडू लागले तसे चंदनने मला उचलून पुन्हा फटीत ठोसले.

मित्रांनो, पाठांतराशी माझे भांडण नाही. पण ज्या वयात मूल मेंढरासाठी पलंगाखाली शिरते, त्या वयात त्याला खुर्चीवर बसवून आकडे वदवून घेणे हा अन्याय आहे, आणि तो देवाच्या नावाने चालला आहे याचा मला संताप येतो. तुमच्या घरी कोणी असे प्रश्न विचारू लागले तर सांगा की आधी गोष्ट ऐकवा, आणि तुम्हीही आमच्याबरोबर शोधायला खाली बसा.

त्या दिवसापासून आमचे सातवे मेंढरू कपाटाखालीच आहे, भिंतीच्या बाजूला. रोज तिथून तीन माणसे ये-जा करतात. कोणीही वाकलेले नाही.