भर दुपारी झोपणारा डोळा

जानेवारी म्हणजे आमचा ऐन उन्हाळा; भर दुपारी आमच्या गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. लाल माती पाय टेकवू देत नाही, आणि झाडून सगळं पाराग्वे जेवून वामकुक्षी घेत असतं. पण त्या दिवशी सेफेरीना आजीच्या अंगणात, आंब्याखाली, निम्मा गाव गोळा झाला होता आणि सगळे आजीच्या हातातल्या मोबाइलकडे टक लावून बघत होते.

अंगणात मांत्रिक लिबोरियोबाबा चालत होते. त्या उकाड्यात अंगावर लोकरीचा जाड पोंचो, डोक्यावर रुंद टोपी, हातात कोरीव काठी. फाटकापासून निघून ते सरळ खुराड्यावरच्या कॅमेऱ्याकडे आले, वळले आणि परत गेले. एरवी सकाळी त्या कॅमेऱ्यासमोरून शेजाऱ्यांचं डुक्कर गेलं तरी मोबाइल टिंग करायचा. आज तो गप्प. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

“ही जासी जातेरेची काठी,” बाबा म्हणाले. “ती ज्याच्या हातात, तो दिसत नाही.”

आम्हाला तर ते चांगले पोटासकट दिसत होते. मी तसं म्हटलंही.

“माणसांवर दया करून दिसतो, बाई. यंत्रावर कसली दया?”

लोक हसले, आणि हसता हसता माना डोलवल्या. माझं डोकं तिथेच तापायला लागलं.

जासी जातेरे म्हणजे सोनेरी केसांचा बुटका. वामकुक्षीच्या वेळी हिंडतो, मधावर जीव टाकतो आणि न झोपणारी पोरं पळवतो, असं आमच्याकडे प्रत्येक आई सांगते. माझ्याही आईनं सांगितलं. आईला तेवढीच घटकाभर झोप मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंदा आजीच्या खुराड्यातली अंडी दुपारी नाहीशी व्हायला लागली, आणि बुटक्यासाठी ठेवलेली मधाची वाटीही चाटून पुसून लख्ख. आजीची मुलगी निल्दा माद्रिदला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली. तिनं तिकडून बिनवायरचा कॅमेरा पाठवला. आजीनं शिडी लावून तो खुराड्यावर स्वतः ठोकला. सकाळ-संध्याकाळ त्यात सगळं यायचं, खुद्द आजी चोरून मध चाखते तेही आलं. पण दुपारी अंडी जायची आणि चित्र म्हणून काही नाही.

मग बाबा आले. बुटक्याला अंडी नकोत, त्याला आजीची नात हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. ती नात म्हणजे निल्दाची आरामी, आठ वर्षांची; गावच्या शाळेत मी शिकवते त्याच वर्गातली. पोर वाचवायची तर रविवारच्या आत गावाबाहेर काढा; राजधानीत, असुन्सियोनला, आपल्या ओळखीचं चांगलं घर आहे, शिकवतील, सांभाळतील. अशी चांगली घरं मला माहीत आहेत. माझ्या वर्गातून तिथे गेलेल्या मुली भांडी घासतात, दुसऱ्यांची बाळं खेळवतात, आणि त्यांतली एकही शाळेत परत आलेली नाही. निल्दा फोनवर रडली आणि म्हणाली, कुठेही राहू दे, जिवंत राहू दे. आरामीचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं मला दिसत होतं. मी आजीशी भांडले, गयावया केली. आजी एवढंच म्हणायची, “बाई, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

आता एवढा मोठा माणूस उन्हात चालून दमला, त्याला तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला आमचा पाल्याचा गार चहा, विचारायला नको? आजी घरात गेली आणि बर्फाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली मोठी किटली घेऊन, खुराड्याशेजारून लगबगीनं बाहेर आली. मोबाइल टिंग वाजला.

“बघा,” बाबा लगेच म्हणाले, “तिच्या हाती काठी नव्हती.”

लोकांना पटलं. मला मात्र आठवलं, की मघाशी सावली शोधत मी याच अंगणातून आडवी आले होते, आणि काठी माझ्याही हाती नव्हती. तेव्हा का नाही वाजला?

मी पुन्हा कॅमेऱ्यासमोरून गेले. शांत. जाडजूड बेकरीवाल्याला पाठवलं. शांत. बाबा म्हणाले, काठीचा प्रभाव अजून अंगणात रेंगाळतोय.

“हो का? मग आजी काय प्रभाव चुकवून आल्या?” मी म्हटलं. “बाबा, काठी द्या जरा.”

ते देईनात. पण आरामीनं ती केव्हाच उचलली होती; त्यांनी तेरेरेचा पेला धरायला झाडाला टेकवली होती ना. मी तिच्या दुसऱ्या हातात बर्फाची किटली दिली. पोर दोन्ही सांभाळत, पाणी सांडत कॅमेऱ्यासमोरून गेली, आणि मोबाइल टिंग टिंग वाजला. काठी होती, तरीही.

मग आरामीनंच आजीला विचारलं, “आई तिकडून मला बघते ना, तसा मोबाइलवर कॅमेरा उघडून बघू?”

“थांब, कोप होईल,” बाबा म्हणाले. चालायला लागण्यापूर्वीच त्यांनी बजावून ठेवलं होतं की मोबाइल वाजेल तर वाजेल, पण उघडून बघायचा नाही. आजीनं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा दाराशी बांधलेल्या बोचक्याकडे.

“उघड गं,” ती म्हणाली.

आरामीनं उघडलं. पडद्यावर आंबा, अंगण, आणि मधोमध पोंचोसकट, पोटासकट लिबोरियोबाबा. काठी आपल्या हातात राहिली नाही म्हणून दिसलो, असं ते म्हणाले. आरामीनं मुकाट्यानं काठी त्यांच्या हातात दिली. पडद्यावर ते काठीसकट दिसले.

आता मी समजावलं, वर्गात समजावते तसंच. बिनवायरचा कॅमेरा बॅटरीवर चालतो. बॅटरी पुरावी म्हणून तो सारखा बघत बसत नाही, झोपतो. समोरून भोवतालापेक्षा गरम किंवा गार असं काही सरकलं की त्याला जाग येते. सकाळी जमीन थंड असते, माणूस गरम, म्हणून तो लगेच जागा होतो. भर दुपारी भिंत, जमीन आणि आपण सगळेच सारखे तापलेले. वर पोंचो घालून सरळ त्याच्याच दिशेनं चाललात तर त्याला कळणार तरी काय? बर्फाची किटली तेवढी कळली. आणि मोबाइलवरून आपणच उघडला, की त्याला जागं व्हावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातली ब्लासिदा आली. ती गोळ्यांबरोबर कॅमेरेही विकते. तिनं वायरचा, कायम जागा राहणारा कॅमेरा आणला, विजेला जोडला आणि अंडी नीट दिसतील असा बसवला. बसवता बसवता म्हणाली, “लिबोरियोबाबांनी माझ्याकडूनच हाच बिनवायरचा नेला होता, स्वतःच्या कोंबड्यांसाठी. दुपारी काही दिसत नाही म्हणून भांडायला आले, तेव्हा मीच सगळं समजावलं.” म्हणजे बाबांच्या कोंबड्या राखायला काठी पुरेशी नव्हती.

वामकुक्षीच्या वेळी चोर आला. घोरपडीएवढा पट्ट्यापट्ट्यांचा तेजू सरडा, कुंपणाखालून. सरड्याचं अंग भोवतालाइतकंच तापतं, झोपलेल्या कॅमेऱ्याला तो कसा कळावा? त्यानं अंडी फोडून खाल्ली, मग मधाची वाटी धरून असा चाटत बसला की आजी डोळ्यांत पाणी येईतो हसली. हसता हसता तिनं आरामीला जवळ ओढलं आणि मग ती खरीच रडली. “मी हिला पाठवणार होते, बाई,” म्हणाली. बोचकं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं.

कुंपणाखालचं भोक आम्ही विटांनी बुजवलं. बाबा हल्ली दुसऱ्या गावात प्रकट होतात म्हणे. तिकडच्यांनी आजीकडून किटली मागून न्यावी.

बुटक्याची गोष्ट सांगा, पोरांना झोपवा, माझी हरकत नाही. कॅमेरा घेताना मात्र विचारा, हा कधी जागा असतो आणि कधी झोपतो. आणि कोणी म्हणालं, यंत्राला दिसलं नाही म्हणजे ते भूतच, तर का दिसलं नाही हेही विचारा. पोरीचं बोचकं बांधायच्या आधी विचारा. आरामी या वर्षी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते, आणि माद्रिदहून तिची आई रोज कॅमेरा उघडून बघते की ती शाळेतून घरी आली.