पुसून न गेलेला शेरा

दुसऱ्याची चूक दिसली की रोसाल्बाला राहवायचंच नाही. तुमच्या वर्गातही असं कुणीतरी असेलच ना?

त्या महिन्यात वर्गाला ऑनलाइन ज्ञानकोशातल्या आपल्या भागाच्या लेखात भर घालायची होती. एकीने लिहायचं, दुसरीने लेखाच्या चर्चापानावर अभिप्राय द्यायचा. रोसाल्बाच्या वाट्याला निमिया आली. निमिया नदीकाठच्या वस्तीतली. तिने लिहिलं होतं, ‘पाणी चढलं की आम्ही पत्रे, गाद्या, कोंबड्या घेऊन वर येतो आणि चौकात झोपड्या बांधतो.’

ज्ञानकोशात ‘आम्ही’ चालत नाही, संदर्भही हवा, हे खरंच. पण रोसाल्बाने खाली ठोकलं, ‘हा ज्ञानकोश आहे, तुझं रडगाणं नाही. संदर्भ कोण देणार, कोंबड्या?’ वर्ग खो खो हसला. रोसाल्बा दिवसभर ताठ मानेने फिरली.

सकाळी बघते तर निमियाने आपला सगळा मजकूर काढून टाकलेला.

मधल्या सुट्टीत तेरेरेची फेरी चालली होती; थंड पाण्यात भिजवलेल्या पानांचं हे पेय एकाच पेल्यातून, एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. थंड पाणी ओतून रोसाल्बाने निमियापुढे पेला धरला. निमियाने हातही पुढे केला नाही. नुसतं म्हणाली, “आभार.”

तेरेरेच्या फेरीत आभार मानले की त्याचा अर्थ, मला आता पुरे. आणि निमिया तर अजून एक घोटही प्यायली नव्हती. रोसाल्बाचे कान तापले.

ती पळत संगणकाच्या खोलीत गेली आणि आपला शेरा पुसून टाकला. पण पानाच्या इतिहासात तो तिच्या नावासकट तसाच होता. वर आणखी एक नोंद, रोसाल्बाने पुसला! मागे वर्गाच्या बाई, प्रोफे दिओनिसिया, उभ्या होत्या.

“चूक तिचीच होती ना, प्रोफे?” रोसाल्बा पुटपुटली.

“होती. मग संदर्भ कुठे मिळेल, सांगितलंस? तू चूक नाही दाखवलीस गं, पोरीला वर्गासमोर उभं केलंस. त्या वस्तीबद्दल लेखात तेवढंच वाक्य होतं. आता तिथली माणसं लेखातच नाहीत.”

“मग आता काय करू?” रोसाल्बाने विचारलं.

प्रोफे म्हणाल्या, बोललेलं इथे पुसत नाहीत, त्यावर रेघ मारतात. म्हणजे काय बोललो तेही दिसतं आणि मागे घेतलं तेही. रोसाल्बाने शेरा परत आणला, त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘निमिया, हे मी टोचायला लिहिलं. मला लाज वाटते. “आम्ही”च्या जागी “रहिवासी” लिही. पुराच्या बातम्या वाचनालयात मिळतील, मी येते सोबत. कोंबड्या मात्र राहू देत.’ खाली स्वतःची सही.

मैत्रिणींनो, चूक जरूर दाखवा, पण ती सुधारायची वाटही त्याच वाक्यात दाखवा. समोरचीने लिहिणंच सोडलं, तर आपण काहीच सुधारलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रोसाल्बाने पुन्हा पेला पुढे केला. निमियाने तो घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत ओढला आणि परत दिला. आभार काही मानले नाहीत.

“ओत की,” ती म्हणाली. “आणि वाचनालय किती वाजता उघडतं?”